चाकोरी, वाफसा आणि जीप

साधी, चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचणारी स्टेशन वॅगन घ्यायची, स्प्रिंगांखाली ठोकळे बसवून ती दोन-तीन इंच उचलायची, दातेरी टायर चढवायचे, पोटाखाली जाड पत्रा ठोकायचा आणि मग तिला दगडधोंड्यांतून, ओढ्यानाल्यांतून हाकायचे, हा छंद अमेरिका-ऑस्ट्रेलियापासून पुण्या-मुंबईपर्यंत पसरला आहे. अशा गाडीला ‘ऑफ-रोड’ म्हणतात. त्या शब्दातच एक गृहीत दडलेले आहे: रस्ता असणे हा नियम आणि रस्ता सोडणे ही हौस. जालना जिल्ह्यातल्या वाहनांचा इतिहास पाहिला तर हे गृहीत टिकत नाही. इथे पिढ्यान्‌पिढ्या रस्ता नसणे हाच नियम होता, आणि तरीही गाडीचे रूपांतर झाले ते बरोबर उलट्या दिशेने. रस्ता नसलेल्या मुलखासाठीच घडवलेली जीप इथे आली आणि तिची स्टेशन वॅगन झाली. पुढच्या चाकांची ताकद गेली, मागे समोरासमोर बाकडी आली, डोक्यावर हूड ताणला गेला. ही उलटी गंगा निव्वळ गरिबीमुळे वाहिली, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. माझे म्हणणे असे की, कोणत्या जमिनीवर, वर्षाच्या कोणत्या महिन्यात आणि किती ओझे घेऊन जायचे आहे, या तीन प्रश्नांना जालन्याने दिलेले ते विचारपूर्वक उत्तर होते. गाडीची खरी लायकी तिच्या यंत्रात शोधायची की या तीन प्रश्नांत, हा वाद त्या उत्तराने बऱ्याच अंशी निकालात काढला आहे.

सुरुवात जमिनीपासून करायला हवी. दक्षिणेला गोदावरी, उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पायथे आणि पूर्णेचे खोरे, मधून दुधना आणि कुंडलिका, असा हा बेसॉल्टवरचा मुलूख आहे. त्या खडकापासून झालेली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. वैशाखात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. आषाढात तीच माती चाकाला, चपलेला, बैलाच्या खुराला गोळ्यागोळ्यांनी चिकटते. पाऊस सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. म्हणजे वर्षातले आठ महिने रस्ता असो वा नसो, जमीन कडक असते आणि कुठलीही गाडी कुठेही जाते. उरलेल्या चार महिन्यांतले काही आठवडे मात्र काहीच हलत नाही. शेतकऱ्याने या दोन अवस्थांच्या मधल्या घडीला नाव दिले आहे: वाफसा. पाऊस उघडल्यावर माती पायाला चिकटेनाशी झाली आणि औत चालवण्याजोगी झाली की वाफसा आला म्हणायचे. औत जसे वाफशाची वाट पाहते, तशी गाडीही पाहते. आणि कडक जमिनीवर गाड्या एकामागून एक गेल्या की त्यांच्या चाकांनी जी जोडरेघ कोरली जाते ती चाकोरी. आज आपण ‘चाकोरीबाहेरचे’ हे विशेषण लेखक आणि नट यांना लावतो. मुळात ते ज्या गाडीचे चाक रेघेतून सटकले तिचे वर्णन आहे. इंग्रजीतल्या ‘ऑफ-रोड’ला आपल्याकडे शब्द असलाच तर तो हाच, आणि त्याच्यात हौसेचा अंशही नाही.

या भूगोलाची सर्वांत प्रसिद्ध कसोटी भोकरदन तालुक्यातल्या असई गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज आणि मराठे यांच्या लढाईत लागली. तिचा इतिहास बहुधा तोफा आणि कवायती पलटणी यांच्या अंगाने सांगितला जातो. वाहतुकीच्या अंगानेही तो तितकाच बोलका आहे. दोन दिवस आधी बदनापूरला इंग्रजांचे सेनानी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन भेटले, आणि त्यांनी फौजा दोन वेगळ्या वाटांनी भोकरदनकडे न्यायचे ठरवले. एकाच वाटेने दोन्ही फौजा, त्यांचे तोफखाने आणि बुणगे डोंगरातल्या अरुंद खिंडींतून काढायचे म्हटले तर फार वेळ मोडला असता, आणि दुसरी वाट शत्रूला निसटायला मोकळी राहिली असती. केळना नदीपाशी पोचल्यावर वाटाड्यांनी सांगितले की पुढे उतार नाही. वेलस्लीने मात्र पाहिले की पिंपळगाव आणि त्याच्यासमोरचे गाव नदीच्या दोन काठांवर अगदी जवळजवळ वसले आहेत. दोन गावांतली माणसे एकमेकांकडे गाड्याघोडे नेत असणारच, म्हणजे उतार असणारच, हा त्याचा तर्क. आणि उतार होता. फौज पलीकडे गेली. पुढे शिंद्यांच्या तोफांनी त्याच्या तोफांचे बैल मारले आणि तोफा जागच्या जागी थबकल्या. पायदळाला त्या मागे टाकूनच चाल करावी लागली. नदी ओलांडता आली ती लोकांच्या रोजच्या वापराचा माग काढल्यामुळे, आणि वाहन थांबले ते जनावर कोसळल्यामुळे. तोफगाड्यांची बांधणी या दोन्ही वेळी निर्णायक ठरली नाही.

असईनंतरही कितीतरी वर्षे या भागातला लांबचा माल गाडीवर जात नव्हता, तर बंजाऱ्यांच्या लमाण तांड्यांतल्या बैलांच्या पाठीवर. वऱ्हाडचा कापूस एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असाच पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. पाठीवर ओझे वाहणाऱ्या बैलाला गाडीवाट लागत नाही, पायवाट पुरते. पण एका बैलावर माल किती लादणार? रस्ते बांधले जाऊ लागले तशी बैलगाडी लांबच्या वाहतुकीत उतरली. या गाडीकडे यंत्र म्हणून नीट पाहावे. बाभळीच्या लाकडाचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पाटे आणि पाट्यांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव. लोहार धाव लाल होईस्तोवर तापवतो, चाकावर बसवतो आणि लगेच पाणी ओततो. लोखंड आकसते आणि सगळे चाक कचकन आवळले जाते. चाकाची उंची चार-पाच फूट, म्हणजे आस जमिनीपासून दोन फुटांहून वर. आज हजारो रुपये खर्चून उचललेल्या स्टेशन वॅगनच्या पोटाखाली याच्या निम्मीही जागा नसते. धाव अरुंद असते, म्हणून ती वरचा चिखल कापत खालच्या घट्ट थरापर्यंत जाते आणि तिथे टेकते. उंच, अरुंद आणि जड न होणारे चाक हे या मातीला सापडलेले पहिले उत्तर. पण त्यालाही मर्यादा होती, आणि ती मर्यादा शेतकऱ्याने मान्य केलेली होती: आभाळ फुटलेले असताना गाडी जुंपायचीच नाही.

रेल्वे आणि मोटार आल्यावर चित्र पालटले ते ठिपक्याठिपक्यांनी. निजामाच्या राज्यातली हैदराबाद-गोदावरी व्हॅली ही मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद-जालन्यामार्गे पुढे गेली आणि जालना कापसाची मोठी पेठ बनले. १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने २७ बसगाड्यांनिशी सरकारी बसवाहतूक सुरू केली. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यानंतर आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यानंतर ती टप्प्याटप्प्याने एसटीत विरघळली. पण रूळ जिथे तिथेच आगगाडी, आणि ‘रस्ता तिथे एसटी’ या ब्रीदाचा व्यत्यासही तितकाच खरा: रस्ता नाही तिथे एसटी नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या लाखो हातांनी खडी फोडली आणि रोजगार हमीवर मातीचे, मुरमाचे रस्ते उभे राहिले. नकाशावर ते रस्ते होते. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्यांतले बरेचसे पुन्हा चाकोऱ्याच झाले. खेड्यातून जालना, अंबड, परतूर, मंठा या बाजारांपर्यंतचे शेवटचे पाच-दहा किलोमीटर हे असे दोन व्यवस्थांच्या फटीत पडले होते: बैलगाडीला ते वेळखाऊ आणि बसला दुर्गम. जीप या फटीत शिरली.

जीप मुळात शेतकऱ्यासाठी केलेली नव्हती. १९४१ पासून विलीज कंपनीने आणि तिच्या नकाशावरून फोर्डने मिळून महायुद्धात सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. अमेरिकी सैन्याच्या वर्गवारीत हा पाव टनाचा ट्रक: चाकांच्या दोन आसांमधले अंतर ८० इंच, इंजिन ६० अश्वशक्तीचे, आणि हवी तेव्हा जोडता-सोडता येणारी पुढच्या चाकांची ताकद. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली महिंद्र अँड मोहम्मद ही पेढी, भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेल्यावर १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली, आणि त्याच सुमारास मुंबईच्या माझगावात विलीजच्या सुट्या भागांतून जीपा जोडल्या जाऊ लागल्या. खेड्यात जीप पहिल्यांदा दिसली ती सरकारची म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटाच्या कचेरीला जीप आली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या तेव्हा गटविकास अधिकाऱ्याची जीप हे पदाचेच चिन्ह बनले. तहसीलदार, देवीची लस टोचणारे पथक, निवडणुकीचा कर्णा, सगळे जीपवर. या गाड्यांचा पुढचा गिअर खरोखर कामाला येई, कारण सरकारला पावसातही जावे लागे, आणि डिझेल-पेट्रोलचे बिल अधिकाऱ्याच्या खिशातून जात नसे. हा शेवटचा तपशील किरकोळ नाही; जीप सरकारच्या हातून लोकांच्या हाती गेल्यावर तिच्यात जे बदल झाले त्यांचे मूळ याच तपशिलात आहे.

लोकांच्या हातात आलेल्या जीपचे काय झाले, हे कारखान्याच्या नावनिशीवरूनच वाचता येते. ८० इंचांची सीजे-थ्रीबी ही जीप कितीतरी वर्षे बनत राहिली, पण तिच्या शेजारी लांब सांगाड्याच्या जीपा आल्या. दोन आसांतले अंतर ८० वरून ९१ इंचांवर गेले आणि मागच्या बाकांवर माणसे वाढली. पेट्रोलच्या जागी डिझेल आले, १९८० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याचे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली कमांडर तर लांब, भरपूर बाकांची आणि बहुतेक वेळा फक्त मागच्या चाकांवर चालणारी जीप होती. पुण्यातल्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स, १९९४ ची टाटा सुमो, २००० ची बोलेरो, या सगळ्या रांगेत ग्रामीण बाजाराने उचलून धरल्या त्या मागच्याच चाकांच्या गाड्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालकाखेरीज सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या गाडीला मॅक्सीकॅब असे नाव दिले आणि काळ्या अंगावर पिवळे डोके मिरवणाऱ्या जीपांना कायद्यात जागा मिळाली. काळी-पिवळी हे त्यांचे लोकांतले नाव. १ मे १९८१ ला औरंगाबादपासून वेगळा होऊन जालना जिल्हा झाला होता, आणि नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी कचेरी, कोर्ट, दवाखाना यांच्यासाठी जाणारी गर्दी या गाड्यांनी वाहिली. गॅरेजातल्या मिस्त्रीने यात आपली भर घातली. मागच्या कमानीत एक जादा पाटा, टपावर पोत्यांसाठी जाळी, पायरी म्हणून मागे लोखंडी फळी. जुन्या चारचाकी-ताकदीच्या जीपचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट झिजला की तो नवा बसवण्याऐवजी काढून कोपऱ्यात उभा करायचा, ही तर देशभरच्या गॅरेजांची रीत. पाव टनाच्या गाडीच्या वंशजात बारा माणसे बसली की नुसत्या माणसांचेच वजन पाऊण टनाच्या घरात जाते. मिस्त्रीचे सगळे शहाणपण त्या पाऊण टनावर खर्च झाले.

हे रूपांतर जगावेगळे होते असे नाही. खुद्द विलीज कंपनीने युद्ध संपताच १९४६ मध्ये ब्रुक्स स्टीव्हन्स या अभिकल्पकाकडून जीपच्या चेहऱ्याची, सगळ्या पोलादी बांध्याची स्टेशन वॅगन करून घेतली, आणि तिच्यात पुढच्या चाकांची ताकद ठेवलीच नाही. ती पर्याय म्हणून आली १९४९ मध्ये. म्हणजे ज्या कारखान्यात ही ताकद नावारूपाला आली तिथेही कुटुंबाला विकताना पहिली कात्री तिच्यावरच चालली. उलट दिशेचे उदाहरण जपानचे. ईशान्य जपानातल्या तोहोकू वीज कंपनीला हिवाळ्यात बर्फातून तारांची तपासणी करायला उघड्या, गारठलेल्या जीपा वापराव्या लागत. तिने मियागीतल्या सुबारूच्या विक्रेत्याकडे उबदार आणि तरीही बर्फात चालेल अशी गाडी मागितली. त्या कार्यशाळेने पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या वॅगनला निसान ब्लूबर्डचा मागचा डिफरन्शियल जोडला. १९७२ मध्ये त्यातूनच सुबारू लिओनीची चारही चाकांवर चालणारी वॅगन बाजारात आली. आज जगभरचे हौशी ज्या गाड्या उचलतात त्यांची ही आजी. दोन गावची दोन गॅरेजे, एकच जीप समोर ठेवून, विरुद्ध निष्कर्षांना पोचली. तोहोकूत बर्फ महिनोन्‌महिने राहतो, गाडीत दोन-तीन कामगार बसतात, आणि तार तुटली तर वाट पाहून चालत नाही. जालन्यात चिखल काही आठवडे राहतो, गाडीत डझनभर माणसे बसतात, आणि वाफशापर्यंत थांबणे हा शेतीचाच शिरस्ता आहे. दोघांनी उत्तर बरोबर दिले. प्रश्न वेगळे होते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. काळ्या चिखलात तर पुढच्या चाकांची ताकद सर्वांत जास्त हवी, मग ती काढणे शहाणपण कसे? उत्तर त्या मातीच्या स्वभावात आहे. चाक फिरू लागले की ही चिकणमाती टायरच्या नक्षीत भरते, नक्षी बुजते आणि टायर गुळगुळीत गोळा बनतो. दोनऐवजी चार गोळे फिरले तर गाडी थोडी पुढे जाऊन अधिक खोल रुतते, आणि मग तिला काढायला बैलजोडीच आणावी लागते. या मातीत बारा महिने राबणारे यंत्र म्हणजे ट्रॅक्टर. आणि आपल्या शिवारांतले बहुसंख्य ट्रॅक्टर मागच्याच दोन चाकांवर चालतात. त्यांची मदार आहे मोठ्या व्यासाच्या चाकावर, खोल तिरप्या दात्यांवर आणि ओढणाऱ्या चाकावर पडणाऱ्या वजनावर. काळी-पिवळीतही नकळत तेच साधले होते. मागे समोरासमोर बसलेली माणसे आणि टपावरची पोती यांचा भार बरोबर ओढणाऱ्या चाकांवर येई, आणि जुन्या जीपचा सहा इंची अरुंद टायर धावेसारखा खाली टेकण्याकडे जाई. एवढ्यावर अडलेच तर प्रवासी खाली उतरून धक्का देत. पुढच्या चाकांचे काम त्यांनी केले. आक्षेपातला खरा भाग मी नाकारत नाही: भर पावसात अडलेल्या बाळंतिणीसाठी वाफशाची वाट पाहा असे सांगता येत नाही, आणि तिथे चारही चाकांची ताकद असलेली, हलकी, मोकळी जीप खरोखर जीव वाचवू शकते. पण ती गरज रुग्णवाहिकेची आहे. तिच्यावरून बाजारहाटाच्या गाडीचे माप काढणे चूक.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: याला विचार म्हणू नका, ही टंचाई होती, पैसे असते तर लोकांनी चार चाकांची ताकद घेतलीच असती. टंचाई होती यात शंका नाही. पण टंचाईने फक्त इतकेच ठरवले की सगळे मिळणार नाही; काय सोडायचे आणि काय ठेवायचे हे तिने ठरवले नाही. याच लोकांनी जादा पाट्यांवर, लांब सांगाड्यावर, डिझेल इंजिनावर पैसे घातले. पुढच्या आसाचे वजन, त्याचे तेल, त्याचे सांधे यांचा खर्च रोजचा आणि त्याचा उपयोग वर्षातल्या मोजक्या दिवसांचा, हा हिशेब त्यांना जमला. बैलगाडीचा पुढचा इतिहास या मताला दुजोरा देतो. रबरी टायरची गाडी आली तेव्हा लोखंडी धावेची उंची गेली, चाक ठेंगणे झाले, पोटाखालची जागा कमी झाली. जुन्या पद्धतीने पाहिले तर ही पीछेहाटच. तरी अंबड-घनसावंगीच्या उसाच्या पट्ट्यात ऊसतोड कामगारांनी टायरगाडीच स्वीकारली, कारण तिच्यावर लाकडी गाडीच्या दुपटीच्या आसपास ऊस जातो आणि बैलांना ओढ हलकी पडते. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. त्या काळात शिवार कोरडे असते, मग दोन फुटांची उंची कशाला वाहत हिंडायची? भंगारात गेलेल्या मोटारींचे आस आणि चाके अशा गाड्यांखाली सर्रास दिसतात. मोटारीचे अवयव बैलांच्या मागे लागले, यात हसण्यासारखे काही नाही. ओझे आणि ऋतू यांचा हिशेब करणाऱ्या माणसाने सुटे भाग कुठून आणले एवढाच तो प्रश्न आहे.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मान तुकवावी लागते. या सगळ्या शहाणपणाची किंमत माणसांनी मोजली. बारांच्या जागी वीस माणसे, मागच्या फळीवर लोंबकळणारी पोरे, टपावरच्या ओझ्याने वर सरकलेला गुरुत्वमध्य आणि जादा पाट्याने ताठ झालेली कमान, यांनी गाडी वळणावर उलटते हे सांगायला यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. ‘अवैध प्रवासी वाहतूक’ हे शब्द अपघाताच्या बातम्यांत वारंवार आले ते उगाच नाही. १९८८ च्या कायद्याचे ५२ वे कलम याच भीतीतून आले आहे: उत्पादकाने दिलेला आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई ठामपणे उचलून धरली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने भंगारातून छोटी जीप बांधली तेव्हा २०२१ च्या अखेरीस देशाने तिचे कौतुक केले. पण कौतुक करणाऱ्या आनंद महिंद्र यांनीही ती नियमांत बसत नाही हे सांगितलेच आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. कायद्याची बाजू बरोबर आहे, फक्त एक गोष्ट तो झाकतो. जीप लांब करणे, तिची पुढची ताकद काढणे, बाकडी आडवी लावणे हे गॅरेजात झाले तेव्हा तो फेरफार होता. कारखान्याने केले तेव्हा ते मॉडेल झाले. दोहोंमधला फरक कल्पनेचा नाही, चाचणीचा आहे. म्हणून मिस्त्रीला गुन्हेगार ठरवण्यापेक्षा त्याच्या कल्पनेला चाचणीच्या फळीवर उभे करणे हा अधिक फलदायी मार्ग ठरला असता.

आज हा इतिहास एका विचित्र वळणावर आला आहे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. तो जालना जिल्ह्यातून जातो, आणि त्याच्यावर बैलगाडीलाच काय, दुचाकीलाही मज्जाव आहे. डिसेंबर २००० पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने पुष्कळ गावांना डांबर पोचवले. रस्ता नियम होऊ लागला, आणि नेमक्या याच काळात उंच उचललेल्या, दातेरी टायरांच्या गाड्यांची हौस तालुक्याच्या गावांपर्यंत आली. यात विसंगती नाही. रस्ता हाताशी असल्याशिवाय रस्ता सोडण्याचा आनंद मिळत नाही, आणि त्या आनंदाबद्दल कुणाला दोष देण्याचे कारण नाही. मात्र त्या गाडीला गावच्या अडचणीचे उत्तर समजण्याची चूक करू नये. अडचण अजून आहे, पण ती आता गावाच्या वेशीपासून शेतापर्यंतच्या पाणंदीत सरकली आहे. मोसंबीची बाग तोडायला आली, सोयाबीन काढून पडले, आणि परतीच्या पावसाने मधला एक किलोमीटर बंद झाला, असे झाले की उंच गाडीवाला शेजारी एखाद-दुसरी खेप करून देईल. सबंध बाग त्याच्या डिकीत जाणार नाही. तिथे शेतकरी जे करतो तेच जालन्याच्या या लांबलचक प्रयोगाचे ताजे पान आहे. २०२१ च्या मातोश्री पाणंद रस्ते योजनेतून असो की भावकीने वर्गणी काढून असो, तो वाटेवर मुरूम टाकतो. गाडी उंच केली तर एकाच गाडीची सोय होते. मुरमाची ट्रॉली रिकामी केली की तिच्यावरून टायरगाडीही जाते, ट्रॅक्टरही जातो आणि मागच्या दोन चाकांवर चालणारी, शाफ्ट काढून ठेवलेली म्हातारी जीपही जाते.